नामदार गोखले व त्यांचा इंग्रजी लेखनाचा अभ्यास

आमच्या शाळेतील मुलांचे पालक अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. मुलाचे इंग्रजी व्याकरण बरे आहे, शब्दही पुष्कळ पाठ आहेत, तरी निबंधात गुण का मिळत नाहीत, असा तो प्रश्न आहे. कित्येकांची मुले शालान्त परीक्षेच्या तयारीत आहेत. कित्येकांची वडील भावंडे परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून आयईएलटीएस ह्या इंग्रजी परीक्षेस बसत आहेत. त्या परीक्षेत चाळीस मिनिटांच्या सुमारास निदान २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो, आणि तेथेच आमच्या जालना जिल्ह्यातील हुशार मुलेही अडखळतात. बाजारात तयार निबंधांची पुस्तके मिळतात. ती विकत घेऊन मुलांकडून पाठ करवून घ्यावीत काय, असेही काही पालक विचारतात.

ह्या प्रश्नास नियमांची यादी देऊन उत्तर देता येईल. परंतु नियम वाचून कोणी पोहावयास शिकत नाही. म्हणून ज्या पुरुषाने गरिबीत इंग्रजी शिकून त्या भाषेत साम्राज्याच्या अधिकाऱ्यांस निरुत्तर केले, त्याचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो. हा पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. राजकारणी म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. ते इंग्रजी लिहावयास कसे शिकले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या खेड्यात झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. घरी शेतीचे उत्पन्न बेताचेच. गोपाळराव तेरा वर्षांचे असता, १८७९ साली, वडील वारले आणि कुटुंबाचा आधार तुटला. वडील बंधू गोविंदराव ह्यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली व त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घरचा संसार चालावयाचा होता. गोपाळराव आपल्या हाताने स्वयंपाक करीत. एकदा एका मित्राने त्यांस नाटकास नेले व मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते दोन आणे भरून काढण्यासाठी त्यांनी दिव्याचे तेल वाचविले व रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात अभ्यास केला, असे सांगतात.

त्यांच्या शाळेतील आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गुरुजींनी गणिताची उदाहरणे घरी सोडवून आणण्यास सांगितली होती. गोपाळाची सर्व उत्तरे बरोबर आली, म्हणून गुरुजींनी त्यास वर्गात पहिल्या जागी बसण्यास सांगितले. तेव्हा तो मुलगा रडू लागला. एक उदाहरण आपण दुसऱ्याच्या मदतीने सोडविले आहे, सबब ह्या जागेवर आपला हक्क नाही, असे त्याने सांगितले. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा आली आहे की, मुले ती ऐकून न ऐकल्यासारखी करतात. आम्ही ती येथे मुद्दाम सांगितली आहे, कारण पुढे निबंधाच्या प्रश्नाकडे वळल्यावर तिची गरज पडणार आहे.

१८८१ साली गोपाळराव मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाले. नोकरी करून भावाचा भार हलका करावा, असे त्यांच्या मनात होते. परंतु गोविंदराव व त्यांच्या पत्नी ह्यांनी ते मानले नाही. वहिनींनी आपले दागिने विकून दिराच्या कॉलेजची सोय केली. गोपाळराव प्रथम कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व अखेरीस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्या वेळी वर्डस्वर्थ हे प्राचार्य होते. ते प्रसिद्ध इंग्रज कवी वर्डस्वर्थ ह्यांचे नातू. कोकणातील खेड्यातून आलेला हा मुलगा अशा गुरूंच्या वर्गात बसला, तेव्हा त्याच्यापाशी भांडवल एकच होते. ते म्हणजे अचाट पाठांतर.

गोखल्यांच्या पाठांतराविषयी त्यांच्या चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. इंग्रजी ग्रंथांतील पानेच्या पाने ते मुखोद्गत करीत. बर्क ह्या वक्त्याच्या लेखनाचा त्यांस विशेष नाद होता. पाठ म्हणताना एखादे उपपद गळले किंवा एखादे शब्दयोगी अव्यय चुकले, तरी ते त्यांस खपत नसे. काही सहाध्यायी ह्याची थट्टा करीत. पाठांतराने बुद्धी मंद होते, असे मानणारे लोक त्या काळीही होते व आजही आहेत.

येथे पालकांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गोखल्यांनी पाठ केले व त्यांचे कल्याण झाले, तर आमच्या मुलांनी तयार निबंध पाठ केले म्हणून काय बिघडले? ह्याचे उत्तर गोखल्यांच्या चरित्रातच आहे. त्यांनी जे पाठ केले, ते कोणत्याही परीक्षेच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर बर्कने जे लिहिले, ते गोखल्यांस कोठेही आपले म्हणून उतरवून द्यावयाचे नव्हते. उत्तम इंग्रजी वाक्य कसे सुरू होते, मध्यभागी कसे पेलते, अखेरीस कोठे थांबते, हे त्यांस कानाने व जिभेने ओळखावयाचे होते. ज्याच्या घरी ती भाषा कोणी बोलत नाही, त्याने ती कोठून ऐकावी? त्यांनी ती ग्रंथांतून ऐकली, आणि पुनःपुन्हा म्हणून आपल्या कानांत मुरविली. घरी आजीच्या ओव्या ऐकून मूल मराठी शिकते, तसाच हा प्रकार होता. तयार निबंध पाठ करणारा मुलगा मात्र दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण आपल्या वहीत लिहितो. ज्या गोष्टीसाठी लहान गोपाळ वर्गात रडला, तीच गोष्ट आपण आपल्या मुलांस पैसे खर्चून शिकवावी काय, ह्याचा विचार पालकांनी करावा. शिवाय त्यात व्यवहारही साधत नाही. आयईएलटीएसचे परीक्षक पाठ केलेला निबंध ओळखण्यास शिकलेले असतात आणि तसा आढळल्यास गुण कमी करतात. विषय किंचित बदलला की पाठ केलेले उत्तर आडवे पडते, ते निराळेच.

बी. ए. झाल्यावर गोखल्यांपुढे पैसा मिळविण्याचे मार्ग होते. कायद्याच्या अभ्यासाकडेही ते वळले होते. परंतु १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले, आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासदांस अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे बंधन असे. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीच निघाले होते. तेथे गोखल्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे वेगवेगळे विषय शिकविले. सदीने लिहिलेले नेल्सनचे चरित्र ते मुलांस शिकवीत. त्या पुस्तकातील प्रत्येक नाविक शब्दाचा अर्थ स्वतःस पक्का कळल्याशिवाय ते वर्गात जात नसत, अशी त्यांच्या शिकवण्याची ख्याती होती. समुद्राचे व गलबतांचे ते शब्द अंदाजाने सांगून वेळ मारून नेता आली असती, पण तशी सवय त्यांनी स्वतःस लागू दिली नाही. शब्दाचा अर्थ साधारण कळतो, म्हणून तो निबंधात दडपून देण्याची खोड आमच्या मुलांत फार आहे. त्यांनी ह्या गोष्टीकडे लक्ष द्यावे.

एवढे सर्व असूनही, वीस-एकवीस वर्षांचे गोखले चांगले लेखक झाले होते, असे म्हणवत नाही. त्यांच्यापाशी शब्द होते, वाक्ये होती, स्मरणशक्ती होती. स्वतःचा विचार कागदावर पायरी पायरीने मांडण्याची शिस्त अद्याप आली नव्हती. ती त्यांस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्यापाशी लाभली. १८८७ च्या सुमारास गोखले रानड्यांच्या सहवासात आले व १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले तोपर्यंत सुमारे चौदा वर्षे त्यांनी ही शिष्यवृत्ती केली. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. सरकारास पाठवावयाचे अर्ज व निवेदने तयार करण्याचे काम रानडे त्यांच्यावर सोपवीत.

हे काम कसे चाले ते मुलांनी समजून घ्यावे, कारण ह्या लेखाचे सार तेथेच आहे. प्रथम सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ वाचावयाचे. त्यांतील आकडे काढावयाचे व पडताळावयाचे. मग प्रतिपक्षाचे म्हणणे काय आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे. त्यानंतर आपले उत्तर लिहावयाचे. तो मसुदा रानड्यांपुढे ठेवावयाचा. रानडे शांतपणे वाचीत, जेथे विधानास आधार नाही तेथे थांबत, जेथे शब्द वस्तुस्थितीहून मोठा झाला आहे तेथे तो काढावयास लावीत, आणि मसुदा पुन्हा लिहावयास परत देत. पुन्हा लिहिलेलाही पुष्कळदा परत येई. कॉलेजातील प्राध्यापक असलेल्या तरुणाने हे वर्षानुवर्षे सहन केले. आमच्या वर्गात एकदा तपासलेला निबंध पुन्हा लिहून आणा म्हटले की, मुलांची तोंडे उतरतात! लाल शाईच्या खुणा पाहून वही मिटून ठेवणारा मुलगा शंभर निबंध लिहील, तरी शंभरावा पहिल्यासारखाच राहील.

एकदा पुष्कळ श्रम करून लिहिलेल्या निवेदनास सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर आले. गोखल्यांचे मन खट्टू झाले. हे अर्ज कोणी वाचतच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी, असे त्यांनी रानड्यांस विचारले. रानड्यांनी त्यांस समजाविले की, अर्जावर नाव सरकारचे असले तरी तो खरोखर आपल्या लोकांसाठी असतो; विचार कसा करावा हे लोकांनी त्यातून शिकावयाचे असते, आणि फळाची वाट न पाहता हे काम बरीच वर्षे करीत राहावयाचे असते. ही शिकवण गोखल्यांनी जन्मभर विसरली नाही. गुण मिळोत वा न मिळोत, आपण लिहिलेले वाचून वाचणाऱ्यास काही कळले पाहिजे, ही जाणीव ज्याला झाली, त्याच्या निबंधात आपोआप अर्थ येतो.

१८८८ साली गोपाळ गणेश आगरकर ह्यांनी सुधारक पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. तेथे आठवड्याच्या ठराविक दिवशी ठराविक जागेत लिहावे लागे. रानड्यांपाशी मिळालेली शिस्त व पत्राच्या निकडीने आलेली तत्परता ह्या दोहोंनी त्यांची लेखणी तयार झाली. परीक्षेतही वेळ व शब्दसंख्या ठरलेली असते. म्हणून मुलांनी सावकाश लिहिण्याचा अभ्यास झाल्यावर घड्याळ लावून लिहिण्याचाही अभ्यास करावा. मात्र क्रम उलटा करू नये.

आता ह्या शिस्तीचा आजच्या परीक्षेशी मेळ घालून पाहू. आयईएलटीएसमध्ये निबंधाचे गुण चार कसोट्यांवर सारख्या प्रमाणात दिले जातात. विचारलेल्या प्रश्नासच उत्तर दिले आहे काय. परिच्छेद व वाक्ये एकमेकांशी जुळलेली आहेत काय. शब्द नेमके व विविध आहेत काय. वाक्यरचना निरनिराळी व शुद्ध आहे काय. आमचे विद्यार्थी सर्व जोर शेवटच्या दोहोंवर देतात व पहिल्या दोन विसरतात. गोखल्यांचे पाठांतर व शिक्षकी शब्द आणि वाक्य ह्यांसाठी उपयोगी पडली. रानड्यांनी जे शिकविले ते मुख्यतः पहिल्या दोन कसोट्यांचे होते. प्रश्न काय आहे, विरुद्ध पक्ष काय म्हणतो, आपले म्हणणे काय, त्यास आधार कोणता, हे ठरवूनच गोखले लेखणी उचलीत. नुसते व्याकरण शुद्ध करून निबंधाचे गुण का वाढत नाहीत, ह्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

ह्या अभ्यासाची मोठी कसोटी १८९७ साली लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगापुढे साक्ष देण्यास डेक्कन सभेच्या वतीने गोखले विलायतेस गेले. तेव्हा त्यांस एकतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गणेश व्यंकटेश जोशी ह्या आकडेशास्त्रात निष्णात गृहस्थांनी व रानड्यांनी त्यांची तयारी करून घेतली होती. साक्षीत उलटतपासणी कसून झाली, परंतु त्यांचे आकडे ढळले नाहीत. त्यांच्या साक्षीची विलायतेत वाहवा झाली.

परंतु त्याच प्रवासात त्यांच्यावर मोठा दुर्धर प्रसंग ओढवला. पुण्यास प्लेगची साथ होती आणि तिच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती घेतली जात होती. शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे वृत्त गोखल्यांस पुण्याहून आलेल्या पत्रांतून कळले. पत्रे लिहिणारे विश्वासातले होते. गोखल्यांनी ते वृत्त विलायतेतील वर्तमानपत्रास दिले आणि मोठी खळबळ उडाली. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी पुराव्याचा शोध केला, तेव्हा कोणीही पुढे येऊन साक्ष देण्यास तयार होईना. आपण केलेले विधान आपणांस सिद्ध करता येत नाही, हे उमगल्यावर त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांची व त्या शिपायांची जाहीर माफी मागितली. देशात त्यांची फार निंदा झाली. भित्रा म्हणून लोकांनी हिणविले. पुढे कित्येक वर्षे हा डाग त्यांच्यावर ठेवण्यात आला.

त्या माफीविषयी आजही दोन मते आहेत. झडत्यांत लोकांचा छळ झाला हे खोटे नव्हते. तेव्हा गोखल्यांनी संपूर्ण माफी मागावयास नको होती, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, आपण लिहिलेल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी आपली, असे मानणारा हा मनुष्य होता. आणि ती जबाबदारी पाळताना लौकिक बुडाला तरी त्याने पाऊल मागे घेतले नाही. गणिताच्या उदाहरणासाठी रडलेला मुलगा आणि हा तरुण एकच होते. ह्या आघातानंतर त्यांनी लेखन व भाषण सोडले नाही. उलट, आधाराची छाननी त्यांनी पूर्वीहून कडक केली. मुलांनी निबंधात अमुक टक्के लोक असे करतात, अमुक शास्त्रज्ञाने असे सिद्ध केले आहे, असे मनचे आकडे घालू नयेत. परीक्षक कदाचित ते तपासणार नाही. परंतु खोटे आधार देण्याची सवय परीक्षेच्या खोलीत राहून जात नसते, ती माणसाबरोबर घरी येते.

१८९९ साली गोखले मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले व १९०१ च्या अखेरीस त्यांची निवड वरिष्ठ कायदेमंडळात झाली. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानीत होते. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले की, ही शिलक लोकांच्या सुबत्तेची नव्हे. रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढविल्यामुळे व कर गरजेहून अधिक ठेवल्यामुळे ती दिसत आहे. मिठावरील कर गरिबास किती जाचतो तेही त्यांनी मांडले. मिठाचा कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया व १९०७ साली एक रुपया झाला. हे एका भाषणाने झाले असे नव्हे. परंतु वर्षानुवर्षे तीच मागणी नव्या आकड्यांनिशी मांडण्याचे श्रम गोखल्यांचे होते. कठोर शब्द न वापरता त्यांनी हे केले. त्यांच्या भाषणांत अलंकार थोडे व कारणे पुष्कळ असत. मोठमोठे शब्द घातल्यावाचून इंग्रजी चांगले दिसत नाही, असे ज्या मुलांस वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापिला आणि त्याच वर्षी बनारस येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले. परंतु त्यांच्या मनास सर्वांत जवळचे काम प्राथमिक शिक्षणाचे होते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यावर मतदान झाले, तेव्हा १३ मते अनुकूल व ३८ प्रतिकूल पडून ते नामंजूर झाले. ते नामंजूर होणार हे त्यांस आधीच ठाऊक होते. तरी त्यांनी प्रत्येक आक्षेपास सविस्तर उत्तर दिले. ते विधेयक मंजूर झाले असते तरी आमच्या जालन्यास लागू झाले नसते, कारण जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. आज सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा सर्व देशात आहे. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखले हरले त्यास तोवर अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. आमच्या वर्गांत बसणारी कष्टकऱ्यांची मुले ज्या हक्काने शिकतात, त्याचा पाया ज्यांनी घातला त्यांत ह्या हरलेल्या भाषणाचा वाटा आहे.

१९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. गांधीजी तेथे हिंदी लोकांच्या हक्कांसाठी झगडत होते. प्रिटोरियास तेथील मंत्र्यांची भेट व्हावयाची होती. त्याआधी गोखल्यांनी गांधीजींकडून सर्व कायद्यांचा व तक्रारींचा गोषवारा लिहून घेतला आणि प्रकृती बरी नसताही रात्री जागून तो घोटला. इतका कीर्तिमान वक्ता, पण तयारीवाचून बोलावयास जाणे त्यास पटले नाही. त्याच प्रवासात आणखी एक गोष्ट घडली. तेथे कोकणी मुसलमान व महाराष्ट्रातील काही हिंदू बांधव होते. गोखल्यांनी आपल्याशी मराठीत बोलावे अशी त्यांची फार इच्छा होती. गांधीजींनी आग्रह केला आणि स्वतः दुभाष्याचे काम पत्करले. इंग्रजीवर प्रभुत्व असलेले गोखले तेथे मराठीत बोलले, आणि परतीच्या वाटेवर झांजिबारपर्यंत हा क्रम बऱ्याच ठिकाणी चालला.

ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. इंग्रजी चांगले येण्यासाठी मराठी टाकावी लागते, असा समज आमच्या जिल्ह्यात बळावत आहे. गोखल्यांचे उदाहरण त्याच्या उलट आहे. ज्याला स्वतःच्या भाषेत एक गोष्ट सरळ सांगता येत नाही, त्याला ती परभाषेत सांगता येणे कठीण. आपल्या भागातही ह्याचे उदाहरण आहे. जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी स्कॉटलंड व अमेरिका येथील सभांत इंग्रजीत भाषणे केली. पण त्यांचे आयुष्याचे काम येथील खेड्यांतील माणसांत, त्यांच्याच बोलीत चालले.

अतिश्रमाने गोखल्यांचे शरीर खचले. मधुमेहाने ते पुष्कळ वर्षे आजारी होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रावरून निबंधाच्या अभ्यासाची जी रीत आम्हांस दिसते, ती थोडक्यात सांगतो. रोज उत्तम इंग्रजी गद्याचा एक परिच्छेद मोठ्याने वाचा आणि आठवड्यास एक मुखोद्गत करा. तो कोठे उतरविण्यासाठी नव्हे, तर कानास वळण लागावे म्हणून. शब्दाचा नेमका अर्थ व वापर कोशात पाहिल्यावाचून तो लिहू नका. लिहिण्यापूर्वी पाच मिनिटे प्रश्न नीट वाचून आपले मत, विरुद्ध मत व दोन आधार कागदाच्या कडेस टिपा. आधार आपल्या पाहण्यातले घ्या. जालन्याची मोसंबी, बियाण्यांच्या कंपन्या, उन्हाळ्यातील पाण्याची टंचाई ह्यांवर तुम्ही जे खरे लिहू शकाल, ते लंडनच्या वाहतुकीवर लिहू शकणार नाही. निबंध तपासून आला की तोच पुन्हा लिहा, आणि सुधारेपर्यंत लिहा. एका महिन्यात चार निबंध तीन-तीन वेळा लिहिले, तर बारा नवे निबंध लिहिल्याहून फळ अधिक मिळेल, असा आमचा वर्गातील अनुभव आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने लिहिलेला निबंध संध्याकाळी घरी मोठ्याने वाचून घ्यावा व त्याचा अर्थ त्यास मराठीत विचारावा. आपणांस इंग्रजी येत नसले तरी चालेल. मुलास अर्थ सांगता आला नाही, तर निबंध त्याचा नव्हे, हे आपणांस तत्काळ कळेल. गोविंदराव व त्यांच्या पत्नी ह्यांनी गोपाळरावांस इंग्रजी शिकविले नाही. पंधरांतील आठ रुपये व अंगावरचे दागिने दिले आणि विश्वास ठेवला. तेवढे आपणही करू शकता.

प्रभू येशूच्या दृष्टांतात वाळूवर घर बांधणाऱ्याचे व खडकावर बांधणाऱ्याचे घर बाहेरून निराळे दिसत नव्हते; पूर आल्यावरच भेद कळला. परीक्षेचे तीन तास हा लहानसा पूर आहे, आणि पुढे आयुष्यात मोठे पूर यावयाचे आहेत. आमच्या शाळेतील प्रत्येक मुलाने व मुलीने आपले घर स्वतःच्या श्रमाने खोल पायावर बांधावे, अशी आम्ही ईश्वराजवळ प्रार्थना करतो.